वाऱ्याच्या वाटेवरचा तंबू

गेल्या उन्हाळ्यात कोकणात जाण्यापूर्वी आम्ही आमचा नवा तंबू नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या काठावर उभारून पाहिला. दहा मिनिटांत तंबू उभा राहिला. रात्रभर आम्ही त्यात सुखाने झोपलो आणि सकाळी मेखा उपटताना थोडे बळच लावावे लागले. तंबूची परीक्षा झाली, तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला, असे समजून आम्ही मालवणला निघालो. तेथे पोहोचल्यावर अवघ्या सहा तासांत तोच तंबू मेखांसह उडून सुरूच्या झाडांत जाऊन अडकला. अर्ध्या तासापूर्वी माझी मुलगी त्यात झोपली होती.

तंबू तोच, मेखा त्याच आणि उभारणारी माणसेही तीच होती. मग बिघडले कोठे? मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. पुढचे चार दिवस सहलीबरोबर याचाही अभ्यास झाला. त्यातून जे समजले ते येथे सांगत आहे. तुम्हीही केव्हातरी शाळेच्या शिबिराला, ट्रेकला किंवा समुद्रकिनारी जाल, तेव्हा ते उपयोगी पडेल.

फिरते घर आणि राहुटी

मुक्कामाचे घर बरोबर घेऊन फिरणे आपल्याला नवे नाही. त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा वारकऱ्यांच्या राहुट्या रोज नव्या गावी उभ्या राहतात. मेंढपाळ धनगर आपली पाले घोड्यावर लादून गावोगाव हिंडतात. नाशिकच्या कुंभमेळ्यात तर तंबूंचे एक शहरच वसते.

आता याच प्रकारात मोटारीची भर पडली आहे. झोपण्याच्या फळ्या, छोटासा ओटा, पाण्याची टाकी असलेल्या या गाडीला कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. आम्ही अशीच एक गाडी भाड्याने घेतली. आम्ही दोन कुटुंबांतील सहाजण होतो. माझे रसायनशास्त्राचे सहकारी आणि त्यांची मंडळीही बरोबर होती. गाडीत चौघांची सोय होती, म्हणून उरलेल्या दोघांसाठी तंबू घेतला. पुणे, कोल्हापूर, फोंडा घाट, कणकवली असा प्रवास करीत दुसऱ्या रात्री उशिरा आम्ही मालवण तालुक्यात उतरलो, आणि मेच्या पहिल्या आठवड्यातील एका सकाळी नऊ वाजता किनाऱ्यालगतच्या एका वाडीत, मालकांच्या परवानगीने, मुक्काम टाकला.

समोर समुद्र होता. थोडे उत्तरेला मालवणच्या बंदरासमोर कुरटे बेट आणि त्यावरचा सिंधुदुर्ग किल्ला. हवा इतकी शांत की माडाची झावळीही हलत नव्हती. आम्ही सुरूच्या बनापुढे, मोकळ्या कोरड्या वाळूत, दार समुद्राकडे करून तंबू उभारला. दारातून किल्ला दिसावा एवढाच हेतू होता. वाडीचे वृद्ध मालक पाहत होते. ते म्हणाले, "मास्तरांनू, दार दर्याच्या तोंडार नको. वारो भुतूर शिरतलो." मी हसून मान डोलावली आणि दार तसेच ठेवले. येथेच पहिली चूक झाली.

सकाळची शांतता फसवी असते

किनाऱ्यावरचा वारा घड्याळ पाहून वाहतो, असे म्हटले तरी चालेल. सूर्य वर आला की वाळू आणि जमीन लवकर तापतात. समुद्र मात्र सावकाश तापतो. याची कारणे तीन. पाण्याची विशिष्ट उष्णता जास्त आहे. सूर्यप्रकाश पाण्यात बराच खोलवर जातो. आणि लाटांमुळे वरचे-खालचे पाणी सतत मिसळत राहते. त्यामुळे दुपारी जमिनीवरील हवा समुद्रावरील हवेपेक्षा बरीच अधिक तापते, प्रसरण पावून वर जाते आणि जमिनीवरील हवेचा दाब कमी होतो. मग समुद्रावरील थंड हवा जमिनीकडे धाव घेते. हे खारे वारे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि वारा उलट दिशेने, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. शिडाच्या होड्यांच्या काळात कोळी बांधव पहाटेच्या मतलई वाऱ्यावर समुद्रात जात आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत येत.

या दोन वाऱ्यांच्या मध्ये, सकाळी, काही काळ हवा स्तब्ध असते. आम्ही नेमके त्याच वेळी पोहोचलो आणि जागा 'निवाऱ्याची' आहे असा निष्कर्ष काढला. अकराच्या सुमारास वारा सुटला. तीन वाजता तो ऐन भरात होता. एप्रिल-मेमध्ये कोकण किनाऱ्यावर वायव्येकडून वाहणारा मोसमी वारा त्यात मिसळतो आणि जोर आणखी वाढतो.

यावरून एक साधा नियम निघतो : किनाऱ्यावर मुक्कामाची जागा सकाळी ठरवू नये, दुपारी तीनचा वारा अंगावर घेऊन ठरवावी. ते शक्य नसेल तर आजूबाजूची झाडे पाहावीत. ती सर्व एकाच दिशेला कललेली असतील, तर तेथे वर्षानुवर्षे कोणत्या बाजूने वारा वाहतो हे त्यांनी लिहूनच ठेवलेले असते.

दुप्पट वेग, चौपट जोर

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. गंगापूरच्या काठी त्या रात्री वाऱ्याचा वेग फार तर ताशी १८ किलोमीटर असेल. मालवणला दुपारी तो ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास होता. वेग दुप्पट झाला. मग तंबूवरील बलही दुप्पट झाले असेल काय? नाही. ते चौपट झाले.

हे असे का, ते पाहा. वारा तंबूवर आदळतो म्हणजे हवेचे कण आपला संवेग तंबूला देतात. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की दर सेकंदाला तंबूवर येऊन आदळणारी हवा दुप्पट होते. शिवाय त्यातील प्रत्येक ग्रॅम हवेचा वेगही दुप्पट असतो. दुपटीची दुप्पट म्हणजे चौपट. म्हणून वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सूत्ररूपाने लिहायचे तर,

दाब = ½ × हवेची घनता × (वेग)²

हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम असते. म्हणून वेग सेकंदाला मीटरमध्ये मोजला, तर त्याच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. उदाहरणार्थ, आपल्या कॅराव्हॅनची बाजू ६ मीटर लांब आणि २.५ मीटर उंच, म्हणजे १५ चौरस मीटर आहे असे समजू. वाहनाच्या आकारामुळे पडणारा फरक सध्या बाजूला ठेवू. मग पुढील आकडे मिळतात :

| वेग (मी./से.) | वेग (ताशी कि.मी.) | दाब (न्यूटन/चौ.मी.) | गाडीच्या बाजूवरील बल (न्यूटन) |
|---|---|---|---|
| ५ | १८ | १५ | २२५ |
| १० | ३६ | ६० | ९०० |
| २० | ७२ | २४० | ३,६०० |
| ३० | १०८ | ५४० | ८,१०० |
| ४० | १४४ | ९६० | १४,४०० |

पहिल्या ओळीतील बल म्हणजे सुमारे २३ किलो वजनाचे ओझे. चौथ्या ओळीतील बल ८०० किलोपेक्षा जास्त वजनाएवढे आहे. वेग सहापट झाला आणि बल छत्तीसपट! हा अनुभव तुम्हाला संक्रांतीलाही येतो. येवल्याच्या गच्चीवर सकाळच्या मंद वाऱ्यात जो पतंग बोटभर दोऱ्याने सांभाळता येतो, तोच दुपारी वारा वाढला की हात कापतो.

लक्षात घ्या, वेधशाळेच्या अंदाजात सांगितलेला वाऱ्याचा वेग हा साधारणतः जमिनीपासून १० मीटर उंचीवरील असतो. जमिनीलगत घर्षणामुळे वारा मंदावतो. परंतु मोकळ्या सपाट किनाऱ्यावर वाऱ्याला अडवायला काहीच नसल्यामुळे ही सवलत फार थोडी मिळते. शिवाय वारा एकसारखा वाहत नाही. मध्येच येणारा झोत सरासरी वेगाच्या दीडपट असला, तर त्या क्षणापुरता जोर सव्वादोनपट होतो. तंबू सरासरी वाऱ्याने उडत नाही, झोताने उडतो.

दार कोणीकडे असावे?

वारा तंबूला केवळ ढकलत नाही, तो त्याला वर उचलतोही. उताराच्या छपरावरून जाताना हवेच्या प्रवाहरेषा एकमेकींच्या जवळ येतात आणि तेथे वेग वाढतो. वेग वाढला की तेथील दाब घटतो. तंबूच्या आत मात्र हवा स्थिर असल्यामुळे दाब जास्त असतो. परिणामी छप्पर वर ओढले जाते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. त्या दिवशी रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य घरांचे पत्रे असेच उचलले गेले. संध्याकाळपर्यंत त्या वादळाचे जे काही उरले होते, त्याचा पाऊसवारा आपल्या नाशिक जिल्ह्यानेही अनुभवला.

आता आमची चूक पाहा. आमचे दार वाऱ्याच्या तोंडावर उघडे होते आणि मागची बाजू बंद होती. वारा आत शिरत होता, पण त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. त्यामुळे आतील दाब वाढला. बाहेरून छपरावर ओढ आणि आतून रेटा, अशी दोन बले एकाच दिशेने लागली. वाडीच्या मालकांनी बर्नूलीचे नाव ऐकलेले नव्हते. पण 'वारो भुतूर शिरतलो' या तीन शब्दांत त्यांनी सारे सांगितले होते.

म्हणून तंबूचे दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस ठेवावे, आणि तंबूची सर्वांत अरुंद व बुटकी बाजू वाऱ्याकडे करावी. क्षेत्रफळ जितके कमी, तितके बल कमी.

तणावा आणि मेख

तंबूच्या दोराला आपल्याकडे तणावा हा सुरेख शब्द आहे. आमचे तणावे आखूड होते. आमची दुसरी चूक ही.

समजा, तंबूची वाऱ्याकडील बाजू ३ चौरस मीटर आहे. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर १८० न्यूटन बल पडेल. सोपेपणासाठी हे सर्व बल एकच तणावा पेलतो असे मानू. तणाव्याचा ताण तिरका असतो, म्हणून त्याचे दोन घटक करता येतात. आडवा घटक वाऱ्याला तोंड देतो. उभा घटक मात्र मेखेला जमिनीतून वर उपटत असतो. आपल्याला पहिला हवा आहे, दुसरा नको आहे.

काठी १.२ मीटर उंच असेल आणि मेख तिच्यापासून ७० सेंटिमीटरवर ठोकली, तर तणावा जमिनीशी सुमारे ६०° चा कोन करतो. अशा वेळी १८० न्यूटनचा आडवा घटक मिळण्यासाठी दोरावर ३६० न्यूटन ताण यावा लागतो, आणि मेखेला वर उपटणारे बल ३१२ न्यूटन होते. हीच मेख २ मीटर दूर नेली, तर कोन ३०° चा होतो. मग ताण २०८ न्यूटन आणि उपटणारे बल केवळ १०४ न्यूटन! दोर थोडा लांब घेतल्याने उपटणारे बल एक तृतीयांश झाले. वहीत आकृती काढून हे गणित स्वतः करून पाहा.

तिसरी चूक मेखेची. गंगापूरची काळी माती मेखेला चहूबाजूंनी आवळून धरते. कोरड्या वाळूचे कण मात्र एकमेकांना चिकटत नाहीत. मेख हलली की ते बाजूला सरकतात. ओल्या वाळूत कणांमधील पाण्याच्या पृष्ठताणामुळे कण एकमेकांना धरून राहतात, म्हणूनच वाळूचा किल्ला ओल्या वाळूचा करावा लागतो. पण ओल्या वाळूत तंबू ठोकणे म्हणजे भरतीला निमंत्रण देणे! वाळलेल्या समुद्रशेवाळाची आणि काटक्यांची जी सर्वांत वरची रेघ किनाऱ्यावर दिसते, तिच्या बरेच वर मुक्काम असला पाहिजे. अमावास्या-पौर्णिमेला पाणी आणखी वर चढते.

मग कोरड्या वाळूत काय करावे? एक रिकामी पिशवी वाळूने भरावी, तिला तणावा बांधावा, आणि अर्धा मीटर खोल खड्डा करून ती पुरावी. पिशवी वरून पाहता ३० × ३० सेंटिमीटर असेल, तर तिच्यावरील वाळूचे घनफळ ०.३ × ०.३ × ०.५ = ०.०४५ घनमीटर होते. दर घनमीटर वाळूचे वस्तुमान १६०० किलोग्रॅम धरले, तर हे ओझे ७२ किलो भरते. ताशी ७२ किलोमीटरचा वारा सुटला, तरी ३०° च्या तणाव्यावर उपटणारे बल ४१६ न्यूटन, म्हणजे सुमारे ४२ किलो वजनाएवढे होईल. पिशवी टिकेल. परंतु तणावा ६० अंशांत असेल, तर हेच बल सुमारे १२७ किलो वजनाएवढे होईल आणि नुसत्या ओझ्यावर विसंबता येणार नाही. चार रिकाम्या पिशव्यांचे वजन नगण्य. त्या बरोबर ठेवायला काय हरकत आहे?

गाडी कधी उलटेल?

तंबू उडाल्यावर माझ्या मुलीने विचारले, "बाबा, मग आपली गाडीही उलटेल का?" प्रश्न योग्य होता. उत्तर परिबलाच्या नियमात आहे.

बाजूने येणारा वारा गाडीला पलीकडच्या चाकांभोवती उलटवू पाहतो. गाडीचे वजन तिला जागेवर ठेवू पाहते. समजा, वाऱ्याचे बल जमिनीपासून १.७५ मीटर उंचीवर लागते, गाडीचे वस्तुमान ३००० किलोग्रॅम आहे, आणि दोन बाजूंच्या चाकांतील अंतर १.७ मीटर आहे. वजन मध्यभागातून खाली लागते, म्हणजे पलीकडच्या चाकांपासून ०.८५ मीटरवर. तेव्हा गाडीला सावरणारे परिबल ३००० × ९.८ × ०.८५, म्हणजे जवळजवळ २५,००० न्यूटन-मीटर होते. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याचे उलटविणारे परिबल ३,६०० × १.७५ = ६,३०० न्यूटन-मीटर. गाडी सुरक्षित आहे. पण ताशी १४४ किलोमीटरच्या वाऱ्याला ते २५,२०० होते, आणि तोल जातो.

हे मोठ्या गाडीचे झाले. परदेशांत मोटारीमागे जोडून ओढायची हलकी घरे असतात. अशा घराचे वस्तुमान १००० किलोग्रॅम, बाजू १२ चौरस मीटर, बलाची उंची १.५ मीटर आणि चाकांतील निम्मे अंतर ०.९ मीटर धरले, तर ते ताशी १०८ किलोमीटरच्या वाऱ्यातच उलटते. प्रत्यक्षात स्प्रिंगांमुळे गाडी झुकते आणि झोत येतात, म्हणून धोका या हिशेबाच्या आधीच सुरू होतो.

चालती गाडी वाऱ्याला अधिक नाजूक असते. मालवणहून देवगडकडे जाताना किनाऱ्याच्या रस्त्यावर खाड्यांचे पूल लागतात. गाडी डोंगराच्या आडोशातून एकदम पुलावर आली, की बाजूने वाऱ्याचा धक्का बसतो. गाडीचा वेग ताशी ६० आणि आडव्या वाऱ्याचा वेग ताशी ३६ किलोमीटर असेल, तर पायथागोरसच्या नियमाने गाडीला जाणवणारा वारा ताशी सुमारे ७० किलोमीटरचा होतो. गाडी ३० च्या वेगाने नेली, तर तो ताशी ४७ वर येतो आणि त्याचा दाब निम्म्याहूनही कमी होतो. आमच्या चालकाने पुलाआधी वेग कमी केला, त्यामागे हेच शास्त्र होते.

रेल्वेलाही हा नियम सुटलेला नाही. रामेश्वरचे बेट मुख्य भूमीला जोडणारा पांबनचा जुना रेल्वेपूल १९१४ साली सुरू झाला. त्या पुलावर वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या पुढे गेला, की गाड्या थांबविल्या जात. यात्रेकरू कितीही घाईत असले तरी नियम मोडला जात नसे.

गाडी उभी करताना तिचे तोंड वाऱ्याकडे करावे. समोरची बाजू केवळ ५ चौरस मीटर असल्याने बल एक तृतीयांशच पडते, आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर मोठे असल्याने तोलही चांगला राहतो. गाडीच्या बाजूला ओढून घ्यायचे कापडी छत झोपण्यापूर्वी गुंडाळून ठेवावे. रात्री कोणी जागे नसताना ते शिडाचे काम करते.

किल्ल्याच्या तटाआड

तिसऱ्या दिवशी आम्ही होडीने सिंधुदुर्गावर गेलो. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. वळणावळणाचा तट सुमारे ९ मीटर उंच आहे. पावसाळ्यात वारा आणि लाटा यांमुळे ही होडीची वाट बंद असते.

मी बरोबर एक काठी आणि लोकरीचे धागे नेले होते. काठीला वितीवितीवर धागे बांधले, की वारा कोठून येतो ते लगेच दिसते. समुद्राकडील तटावर उभे राहिल्यावर धागे अगदी आडवे फडफडत होते. खाली उतरून तटाच्या आतल्या पायथ्याशी आलो, तर धागे जवळजवळ लोंबत राहिले. मधूनमधून ते चक्क उलट, तटाच्या दिशेने वळत! तटावरून उडी घेऊन आलेली हवा मागे भोवरा करते, म्हणून पायथ्याशी वारा उलटा वाहतो. बरेच पुढे चालत गेल्यावर वारा पुन्हा नेहमीच्या दिशेने, झोताझोताने लागू लागला.

यावरून वाटेल, की आडोशाला भक्कम भिंत सर्वांत चांगली. पण तंबूसाठी सुरूचे बन अधिक बरे. भिंत वारा पूर्ण अडवते, त्यामुळे तिच्या मागे भोवरे जोरदार होतात. बनातून मात्र थोडा वारा गाळून पलीकडे येतो. त्यामुळे भोवरे मंद होतात आणि आडोसा अधिक लांबवर मिळतो. आम्ही तंबू सुरूच्या बनापुढे ठोकला होता. तो बनामागे, जमिनीकडच्या बाजूला हवा होता. किनाऱ्यावर सुरूची लागवड करतात, त्यात हाही एक हेतू असतो.

आडोसा हवा म्हणून माडाखाली मात्र झोपू नये. २० मीटर उंचीवरून सुटलेला दीड किलोचा नारळ जमिनीवर येताना सेकंदाला जवळजवळ २० मीटर वेगाने येतो, आणि त्याची गतिज ऊर्जा सुमारे ३०० ज्यूल असते. वाळलेल्या फांद्या असलेले झाडही टाळावे.

वाऱ्याला भिऊन दार लावले तर?

एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्या संध्याकाळी वाऱ्याने शेगडी पुन्हा पुन्हा विझत होती. ती तंबूत घेऊन सर्व कनाती बंद कराव्यात असे कोणीतरी सुचवले. माझ्या रसायनशास्त्रज्ञ सहकाऱ्यांनी ते ठामपणे थांबविले. बंद जागेत प्राणवायू कमी पडला, की इंधनाचे ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशेपट अधिक घट्ट बांधला जातो. डोके दुखते, गुंगी येते, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. कोळशाची शेगडी तर नुसती धुमसत असली तरी घातक असते. तंबूत किंवा बंद गाडीत शेगडी, चूल, कोळसे कधीही पेटते ठेवू नयेत. वारा फार असेल तर त्या रात्री चुरमुरे खाऊन झोपावे. आम्ही तेच केले.

तुम्ही करून पहा

पोस्टकार्डाएवढा जाड कागद मध्ये दुमडून छोटी राहुटी करा. मागची बाजू कागदाने बंद करा. एका ताटात कोरडी वाळू भरून त्यात टाचण्यांच्या मेखा आणि दोऱ्याचे तणावे लावा. आता टेबलफॅन ठरावीक अंतरावर ठेवून क्रमाने तिन्ही वेगांवर चालवा. पंखा सुरू असताना तो उचलू नका किंवा जाळीत बोट घालू नका. प्रथम दार पंख्याकडे ठेवा, मग विरुद्ध बाजूस. प्रथम दोरे आखूड ठेवा, मग लांब. शेवटी टाचण्यांऐवजी दोऱ्याला बांधलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या वाळूत पुरा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला आणि राहुटी कोणत्या वेगाला उडते ते कोष्टकात लिहा. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात दोन तासांत सहज घेता येईल.

आम्ही चौथ्या दिवशी निघालो. आदल्या तीन रात्री तंबू सुरूच्या बनामागे, दार पूर्वेकडे, लांब तणाव्यांवर आणि वाळूत पुरलेल्या चार पिशव्यांवर उभा होता. दुपारचा वारा तितकाच होता. तंबू फडफडत होता, पण जागचा हलला नाही. सामान आवरताना पिशव्या काही केल्या वर येईनात. शेवटी वाडीचे मालक फावडे घेऊन आले आणि म्हणाले, "आता बराबर केल्यात!"